काचेचं कौल

श्रावणातली दुपार. बाहेर बेळगावचा पाऊस, आणि तीन वाजताच घरात दिवा लावायची पाळी. आमची मांजरी आता सोफ्यावरून खिडकीत उडी मारणार हे तिच्या शेपटीवरून कळलं, कॅमेरा हातात होताच, दाबलं बटण. फोटोत खिडकी आली, पडदा आला आणि मधोमध एक राखाडी फराटा. असले फराटे माझ्याकडे चाळीसेक तरी असतील.

पुढच्या रविवारी पुतणीच्या लेकीचं बारसं. वहिनींनी आधीच बजावलंय, "बाळाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही बघा, भावजी." म्हणजे उजेडाची लेन्स हवी. कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स पुढे नेली की तिच्या उजेड घेणाऱ्या भोकाचा आकडा 5.6 वर अडून बसतो, 1.8 ची लेन्स तिच्या साडेनऊ पट उजेड आत घेते. आकडा लहान तेवढं भोक मोठं, हे उलटं गणित मला पन्नाशीत पचलं.

खडेबाजारात चौकशी केली. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "फिफ्टी तगोरी, घ्या सर. सगळे तेच नेतात की." नेतात खरं, स्वस्त आहे. पण माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यावर 50 मिलिमीटरची लेन्स 75 सारखी वागते, म्हणजे जवळचं पण अरुंद दाखवते. हॉलच्या भिंतीला पाठ चिकटवून दहा फुटांवरून बघितलं तर जेमतेम पावणेपाच फुटांचा पट्टा दिसतो. त्यात पाळणा तरी मावेल नाहीतर आत्ती, आमची आत्या. 35 ची घेतली तर पावणेसात फूट. दोघंही.

आत्तीचं नाव उगाच घेतलं नाही. गेल्या गौरीला मित्राची 1.8 मागून आणली होती. पुढच्या रांगेतल्या पोरांच्या पापण्या मोजून घ्याव्यात अशा आल्या आणि मागे उभी आत्ती पार विरघळली. तिने मोबाइलवर बोटांनी फोटो मोठा करून बघितला.

"मला एकटीलाच धुक्यात का ठेवलास गा?"

म्हटलं, ते लेन्सचं काम, भोक मोठं असलं की मागचं पुसट होतं.

"तिला म्हातारी माणसं दिसत न्हाईत व्हय?"

यावर 2.8 ते 4 पर्यंत भोक लहान करायचं असतं, हे उत्तर मला घरी परतल्यावर सुचलं.

काकांच्या क्लिक थ्री या जुन्या रिळाच्या कॅमेऱ्याला असली भानगड नव्हती. एका रिळात 12 फोटो, त्यामुळे काका एकेक फोटो पगारातून काढून दिल्यासारखा काढायचे. आत उजेड पुरायचा नाही. म्हणून सण कुठलाही असो, सगळं घर परड्यात नेऊन उन्हाकडे तोंड करून उभं करायचं. आमचा अख्खा आल्बम डोळे बारीक करून बघतोय. आजीसुद्धा त्यात कुणावर तरी चिडल्यासारखी दिसते, जी कधी चिडायची नाही.

वडगावातलं ते घर आतून काळोखं होतं. शेजारच्या मागांची खडखड दिवसभर, आणि माजघराच्या छपरात एकच काचेचं कौल. त्यातून उन्हाचा चौकोन खाली पडायचा. तो जात्याशी आला की अकरा वाजले, उंबऱ्याला टेकला की आजी चहाचं आधण ठेवायची. त्या वेळची मांजरी त्या चौकोनातच झोपायची. चौकोन सरकला की डोळे न उघडता तीही तेवढीच सरकायची. एका जागी तासभर निपचित, कसल्याही लेन्सला सापडली असती. तिचा एकही फोटो नाही. माजघराचाही नाही. जेवलो, भांडलो, तापाने पडलो ते सगळं आत, आणि फोटो सगळे परड्यात.

घर विकलं. तिथे आता तीन मजले उभे आहेत. परवा भावाशी वाद झाला. तो म्हणतो देवळी दाराच्या डावीकडे होती, मी म्हणतो उजवीकडे. शेवटी आत्तीला फोन लावला.

"देवळी कुठली? ते भिंतीतलं कपाट होतं की रे," ती म्हणाली, आणि कुणाच्या तरी लग्नाचं बोलायला लागली.

35 ची सांगून आलोय. रविवारी माणसं जमायच्या आत रिकाम्या हॉलचे दोन-चार फोटो काढून ठेवीन म्हणतो. चारी भिंतींचे. वहिनी विचारतील, हे कशाला. मांजरी मध्ये आली तर येऊ दे.