दोन ऑफिसं, एक लॅपटॉप

सकाळी सोलापुरातलं होटगी रोडचं ऑफिस, दुपारी अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल कारखाना. पहिल्याकडे आयपी, म्हणजे लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता, हाताने भरायचा, वर प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटला जाताना मधे लागणारा सर्व्हर. दुसरीकडे राउटर आपोआप देतो. आज बदलायला विसरलो आणि अर्धा तास केबलच काढघाल करत बसलो. वॉचमन मामा म्हणाले, "सायेब, वायरीनं काय केलंय ओ?"

परवा उलटं. ऑटोमॅटिकवर ठेवून होटगी रोडला गेलो, तर पत्ता १६९.२५४ने सुरू होणारा. म्हणजे पत्ता देणारं कुणी भेटलंच नाही, विंडोजने स्वतःच एक लावून घेतला!

शेवटी आज विंडोजच्या आयपी सेटिंगमध्ये 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन' टॅब सापडला. आपोआप पत्ता मिळाला तर ठीक, नाहीतर आपण भरून ठेवलेला वापरतो. इतकी वर्षं डोळ्यासमोर होता की!

प्रॉक्सी मात्र अजून हातानेच. उद्या विसरणार, खात्री आहे.