28 आणि 29 सप्टेंबरच्या मधली रात्र

मार्च 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात औसा तालुक्यातील एक वयस्कर शेतकरी लातूरच्या माझ्या कार्यालयात आले आणि कापडी पिशवीतून आयकर विभागाच्या नोटिशीची छापील प्रत काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. नोटीस त्यांच्या मुलाच्या नावावर होती. तो ऑगस्ट 2016 पासून दुबईत विद्युत पर्यवेक्षक म्हणून काम करतो. आर्थिक वर्ष 2020-21 मध्ये त्याच्या नावावर 31 लाख रुपयांच्या भूखंडाची नोंदणी झाली होती आणि त्या वर्षाचे विवरणपत्र भरलेले नव्हते. तेव्हा 30 लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या मालमत्तेची माहिती नोंदणी कार्यालयाकडून आयकर विभागाकडे आपोआप जात असे. तशी ती गेली आणि चार वर्षांनी कलम 148ए खाली, म्हणजे जुन्या वर्षाची आकारणी पुन्हा का उघडू नये याची, कारणे दाखवण्याचा आदेश होऊन परतली. नोटीस पोर्टलवर येऊन पाच दिवस ती कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण नोंदवलेला ईमेल पत्ता त्यांच्या आधीच्या करसल्लागाराचा होता. ते गृहस्थ आपल्या पक्षकारांच्या खात्यांवर स्वतःचाच ईमेल टाकतात आणि मग तो उघडून पाहत नाहीत. ही सवय आमच्या व्यवसायात जितकी सर्रास आढळते तितकीच ती निषेधार्ह आहे.

पैशाचा स्रोत सांगणे अवघड नव्हते. मुलाची चार वर्षांची बचत दुबईच्या बँकेतून त्याच्या एनआरई खात्यात, म्हणजे अनिवासींच्या परदेशी कमाईसाठीच्या खात्यात, आली होती आणि तेथून थेट विक्रेत्याला गेली होती. एकही रुपया रोखीने फिरलेला नव्हता. खरेदीखतावर वडिलांनी मुखत्यारपत्राच्या आधारे सही केली होती आणि ते मुखत्यारपत्र दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेले होते. हे सर्व जोडून मी उत्तर सादर केले. त्यावर अधिकाऱ्यांकडून दोनच ओळींची विचारणा आली: सदर वर्षी आपण अनिवासी होता, याचा पुरावा द्यावा आणि संबंधित देशाचे कर-निवासी प्रमाणपत्र सादर करावे.

बाहेरच्या माणसाला वाटते की परदेशात नोकरी, परदेशी व्हिसा आणि एनआरई खाते असले की माणूस अनिवासी ठरतो, म्हणजे त्याच्या परदेशातील कमाईवर येथे कर बसत नाही. आमच्याकडे तर ‘पोरगा दुबईला आहे’ एवढे सांगितले की आयकराचा विषय संपला, असेच घरोघरी समजतात. प्रत्यक्षात 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 6 ला व्हिसाशी काहीही देणेघेणे नव्हते. ते मुख्यतः दिवस मोजत असे. आर्थिक वर्षात भारतात 182 किंवा अधिक दिवस काढले तर व्यक्ती निवासी ठरते. साठ दिवसांची दुसरी एक कसोटी आहे, पण तिला मागील चार वर्षांत मिळून 365 दिवसांचे वास्तव्य लागते आणि ते या मुलाचे भरत नव्हते. म्हणजे सारे काही 182 या एका आकड्यावर येऊन थांबले होते.

आणि ते वर्ष होते 2020-21. मुलगा 12 मार्च 2020 रोजी बहिणीच्या लग्नासाठी गावी आला आणि 22 मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली. जुलैमध्ये दुबईची वाट थोडी उघडली, पण परतण्यासाठी तिकडची पूर्वपरवानगी हवी होती, प्रवासाआधी 96 तासांच्या आतील कोरोना चाचणीचा अहवाल हवा होता, आणि मुख्य म्हणजे त्याच्या कंपनीनेच त्याला सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत बोलावले नाही. अडकलेल्यांसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 8 मे 2020 च्या परिपत्रकाने सवलत दिली होती, परंतु ती 2019-20 या वर्षापुरती होती आणि तीत 22 ते 31 मार्च एवढेच दिवस वगळले होते. पुढील वर्षासाठी 3 मार्च 2021 चे परिपत्रक आले, पण त्यात सरसकट सवलत नव्हती. दुहेरी कर बसत असेल त्यांनी 31 मार्चपर्यंत अर्ज करावा, एवढेच त्यात म्हटले होते. दुबईत वैयक्तिक प्राप्तिकरच नसल्याने दुहेरी कराचा प्रश्न उद्भवत नव्हता. शिवाय औशाच्या खेड्यात बसलेल्या माणसाला अठ्ठावीस दिवसांत हा अर्ज करायचा आहे हे कळणार कसे, याचा विचार परिपत्रक लिहिणाऱ्याने केला असेल असे मला वाटत नाही.

कर-निवासी प्रमाणपत्राची मागणी मला खटकली, आणि येथे मी उत्तरात दोन पाने खर्च केली याचा मला आजही अभिमान आहे. कलम 90(4) प्रमाणे हे प्रमाणपत्र दोन देशांतील दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा लाभ मागणाऱ्याला लागत असे; कलम 6 खाली अनिवासी असल्याचे दाखवायला कायद्याने कोठेही ते मागितलेले नव्हते. बँका एनआरओ खात्याच्या, म्हणजे अनिवासींच्या भारतातील कमाईच्या खात्याच्या, व्याजावरील करकपात कमी करण्यासाठी ते मागत, फॉर्म 10एफ या घोषणापत्रासोबत मागत, आणि त्या सवयीने हळूहळू सर्वांचीच समजूत झाली आहे की हा कागद नसेल तर माणूस परदेशात नव्हताच. माझ्या पक्षकाराला ते प्रमाणपत्र उपयोगीही पडले नसते. भारत आणि संयुक्त अरब अमिरातींच्या करारात 2007 च्या दुरुस्तीनंतर तेथील निवासी ठरण्यासाठी कॅलेंडर वर्षात किमान 183 दिवस तेथे उपस्थित असावे लागते. मी मोजले: 12 मार्चपर्यंतचे 72, 29 सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंतचे 94, एकूण 166. सतरा दिवस कमी. करार हाताशी नव्हता. उरले होते ते केवळ भारतातील दिवस.

एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांचे 153 दिवस होतात. सप्टेंबरचे 28 मिळवले की 181. 29 मिळवले तर 182.

2016 साली बाहेर गेलेल्या माणसाला ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ या मधल्या वर्गाचाही आधार नव्हता, कारण आधीच्या सात वर्षांतील त्याचे भारतातील वास्तव्य 729 दिवसांहून बरेच अधिक होते. म्हणजे एक दिवस जास्त भरला तर त्या वर्षीचा दुबईचा संपूर्ण पगार, रुपयांत सुमारे 13 लाख, भारतात करपात्र झाला असता. कर सुमारे 1 लाख 95 हजार, आणि त्यावर चार वर्षांचे व्याज. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “लेकरू सहा महिने घरी बसलं ते काय हौसेनं का साहेब?” त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते.

पारपत्राच्या झेरॉक्सवर निर्गमनाचा शिक्का इतका फिकट होता की 23, 28 आणि 29 यांपैकी काहीही वाचता आले असते. ते पारपत्र पुढे बदललेले होते. कोपरा कापलेले जुने पारपत्र दुबईत खोलीतील पेटीत होते. मी मुलाला त्याचे रंगीत स्कॅन, तिकीट, बोर्डिंग पास आणि तेथील प्रवेश-निर्गमनाचा अहवाल पाठवण्यास सांगितले. हा अहवाल महत्त्वाचा असतो, कारण तिकडे विमानतळावरील स्वयंचलित यंत्रद्वारांतून ये-जा केली की पानावर शिक्का उमटतच नाही. स्कॅनमध्ये 28 स्वच्छ दिसला. तिकीट 28 चे, सुटण्याची वेळ रात्री 11.20. दुबईचा अहवाल प्रवेशाची तारीख 29 दाखवत होता, आणि तीन तासांच्या उड्डाणानंतर तशी ती असणारच होती. सर्व कागद एकमेकांशी जुळत होते. तक्ता करून झाल्यावर, केवळ खात्री म्हणून, मी मुलाला फोनवर विचारले की प्रवास सुरळीत झाला होता ना. तो म्हणाला, “हो सर. फक्त विमान उशिरा सुटलं. आत बसून तासभर झाला होता, साडेबारा वाजून गेले होते.”

त्याने हे अगदी सहज सांगितले. त्याला कल्पनाही नव्हती.

त्या संध्याकाळी मी जुने निवाडे काढून बसलो. दिवसाचा अंश पूर्ण दिवस धरायचा की नाही, याबद्दल निर्णयांत एकवाक्यता नाही. कोठे येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजले आहेत, तर कोठे आल्याचा दिवस वगळला आहे. शिवाय पारपत्र तपासणीतून निर्गमनाचा शिक्का घेऊन विमानात बसलेला, दार बंद झालेला प्रवासी बारानंतर ‘भारतात’ होता असे म्हणायचे का, हाही प्रश्न आहे. भूगोलाने तो मुंबईतच होता. शासनाच्या नोंदीत तो निघून गेलेला होता. युक्तिवाद करण्यास जागा आहे, आणि ती मी प्रामाणिकपणे मानतो. परंतु युक्तिवाद करायचा तर आधी वस्तुस्थिती सांगावी लागते.

एका ज्येष्ठ सहव्यावसायिकांना विचारले. ते हसून म्हणाले, “शिक्का सरकारचाच आहे ना? मग सरकारपेक्षा शहाणे तुम्ही कशाला होता?” त्यांचा सल्ला बहुधा व्यवहार्यच असतो, आणि म्हणूनच तो स्वीकारताना मला नेहमी थोडी लाज वाटते.

मी उत्तरात लिहिले: “पारपत्रावरील निर्गमनाच्या शिक्क्यानुसार करदात्याने दि. 28 सप्टेंबर 2020 रोजी भारत सोडला.” प्रत्येक शब्द कागदाशी जुळणारा होता. ‘शिक्क्यानुसार’ हा शब्द मी तीन वेळा खोडून चौथ्यांदा लिहिला. पाच एमबीच्या मर्यादेत बसवण्यासाठी स्कॅनचे तुकडे केले, पोर्टलने दोनदा बाहेर काढले, तिसऱ्यांदा पोच मिळाली.

सुनावणीला अधिकारी सौजन्याने वागले. त्यांनी शिक्क्याचे पान पाहिले, दिवसांचा तक्ता पाहिला, बेरीज स्वतः करून पाहिली, आणि मग ज्या एका प्रश्नाची मी वाट पाहत होतो तो न विचारता, पॅनची नोंद अजून निवासी म्हणून का आहे, ती आंतरराष्ट्रीय करआकारणीच्या विभागाकडे का वर्ग केलेली नाही, असे विचारले. ते खरेच आमचे चुकले होते. मी तसे कबूल केले. काही दिवसांनी आदेश आला की हे प्रकरण पुढील कारवाईस योग्य नाही. विमान किती वाजता सुटले हे मला कोणीही विचारले नाही. विचारले असते तर मी खरे सांगितले असते, असे मी स्वतःला सांगतो. पण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतका मी प्रामाणिक होतो का, हे मला त्या दिवशी ठरवता आले नाही आणि अजूनही येत नाही.

वडील पेढे घेऊन आले होते. फी देताना त्यांनी विचारले, “आता लेकरानं गावाकडं यायचं म्हणलं तर किती दिवस राहावं साहेब?” मी त्यांना एका कागदावर आकडा लिहून दिला आणि त्यातून दहा दिवस कमी धरायला सांगितले.