आमची वाटचाल: मालवणच्या खाडीतली साडेसहा मीटरची बोट

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे काम सुरू केलं तेव्हा त्याला कारखाना म्हणावं असं काही नव्हतं. कोळंबच्या खाडीकाठी झापांचा मांडव, दोन मेस्त, म्हणजे सुतार, आणि लाकडाच्या फळ्या. सांध्यांत कापूस ठासायचा, वरून चंद्रूस नि तेल, आणि दर वर्षी होडी ओढून काढली की तेच पुन्हा. पुढे लाकूड परवडेना, म्हणून मी फायबरकडे वळलो. माझी पहिली फायबरची होडी अण्णांनी बोटाने टकटक वाजवून पाहिली आणि म्हणाले, "बादली झाली बरी." तरी दुसऱ्या होडीचा मोल्ड करताना तेच पुढे होते.

आज आमचं पोट मासेमारीच्या छोट्या होड्या, किल्ल्यावर पर्यटक नेणाऱ्या बोटी आणि तलावातल्या पेडल बोटी यांच्यावर चालतं. पण शेडमध्ये येणारा माणूस ऑर्डरचं बोलायच्या आधी कोपऱ्यातल्या त्या रुंद बुडाच्या शिडाच्या बोटीविषयी विचारतो. म्हणून तिच्याबद्दलच जरा सविस्तर लिहितो.

एका पावसाळ्यात चार तरुण आले. एक नौदलातून बाहेर पडलेला, एक पुण्याचा डिझाइन इंजिनीअर आणि दोघं मुंबईच्या क्लबात शिडाच्या शर्यती खेळलेले. त्यांना 'मिनी ६.५०' ही शर्यतीची छोटी शिडाची बोट बांधायची होती. १९७६ साली एकट्याने अटलांटिक ओलांडायच्या शर्यतीत आलँ कोला या फ्रेंच खलाशाने तब्बल ७२ मीटरची, चार डोलकाठ्यांची बोट उतरवली. पैशाचा हा खेळ बॉब सॅमन या इंग्रजाला पटला नाही आणि १९७७ मध्ये त्याने छोट्या बोटींची स्वस्तातली शर्यत काढली. बोटीची लांबी जास्तीत जास्त ६.५० मीटर, रुंदी ३ आणि पाण्याखालची खोली २ मीटर. बोटीत एकच माणूस. फोन नाही, नकाशा दाखवणारा पडदा नाही, हवामान रेडिओवर ऐकायचं. अशा बोटीतून अटलांटिक पार करायचा. "काका, गरिबांची शर्यत आहे, म्हणून तर आपल्याला जमेल," असं इंजिनीअर म्हणाला.

महासागरी बोट आपल्याकडे होत नाही असं नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा पहिला माणूस ठरला, त्याची ३२ फुटी 'सुहेली' मुंबईत सागवानात बांधलेली. आमच्या शेजारी गोव्यात, दिवाडीला 'म्हादेई' ही शिडाची बोट झाली. ती २००९ मध्ये नौदलात आली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी टप्प्याटप्प्याने आणि नंतर अभिलाष टॉमी यांनी विनाथांबा प्रदक्षिणा केली. पण म्हादेईमागे नौदल होतं. या चौघांमागे त्यांची बचत होती आणि एकाच्या सासऱ्यांनी मोडलेली मुदत ठेव. लोकसंख्येने आपण कितीही मोठे असलो तरी या खेळात भारत म्हणजे अगदी चिमुकला देश. उलट न्यूझीलंडची वस्ती मुंबईच्या निम्मीही नाही आणि अमेरिकाज कप ही शिडाच्या बोटींची नामांकित स्पर्धा त्यांनी २०१७, २०२१ आणि २०२४ अशी लागोपाठ जिंकली.

पहिली अडचण आली ती प्लायवूडची. आपला आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय पाण्याला दणकट, पण वजनाला भारी. ६ मिलिमीटरचा आठ बाय चारचा शीट तेराएक किलो भरतो. ओकूमे नावाच्या आफ्रिकी लाकडाचा तेवढाच शीट आठाच्या आसपास. शर्यतीच्या बोटीत प्रत्येक किलो वेगाला खातो, म्हणून बुडाला आणि डेकला आयात केलेला ओकूमे घेतला आणि कीलभोवतीच्या, म्हणजे बुडाखालच्या वजनदार पात्याभोवतीच्या, आडव्या भिंतींना, जिथे जोर लागतो तिथे, आपलाच प्लाय. चौघांनी शेडमध्ये वजनकाटा आणून ठेवला. शीट असो वा स्क्रूची पिशवी, काट्यावरून गेल्याशिवाय काही बोटीत जायचं नाही. आमच्या मेस्तांना ही थट्टाच वाटायची. आतली जागा बघून त्यांनी विचारलं, "मालक, हेच्यात माणूस निजतलो खंय?" शिडांच्या पिशव्यांवर, हे उत्तर त्यांना काही पटलं नाही.

मग इपॉक्सी, म्हणजे फायबरचे थर चिकटवणारं भारी रेझिन. साध्या पॉलिएस्टर रेझिनवर आमच्या पोरांचा हात बसलेला, पण कोकणातल्या पावसात इपॉक्सी सुकताना तिच्यावर मेणचट पापुद्रा धरतो. डोळ्याला दिसत नाही, हाताचं बोट फिरवलं की कळतो. त्यावर तसाच पुढचा थर दिला तर तो धड चिकटत नाही, आणि हे कळतं ते समुद्रात. म्हणून प्रत्येक थरानंतर साध्या पाण्याने धुवायचं, भांड्यांच्या हिरव्या घासणीने घासायचं, पुसायचं, वाळवायचं, मग फायबरचं पुढचं कापड. बोटीभोवती प्लास्टिकचा तंबू उभारला, आत हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र लावलं. विजेचं बिल बघून बायकोने विचारलं, बोट बांधताय की कोंबड्या उबवताय?

कीलखालचा शिशाचा बल्ब कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत ओतून घेतला. तिथली मंडळी बिडाचं काम करणारी. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं म्हटल्यावर त्यांना हा किरकोळ खेळ वाटला. नुसतं शिसं मऊ पडतं म्हणून त्यात थोडं अँटिमनी घातलं. लाकडी नमुना आमच्या मेस्तांनी घडवला आणि फाउंड्रीवाल्यांनी त्याच्या गुळगुळीतपणाची तारीफ केली. ती मेस्त अजून सांगतात.

चाचणी मात्र सगळ्या वाडीने पाहिली. नियम असा, की बोट आडवी करून डोलकाठीच्या टोकाला ४५ किलो वजन लावायचं, आणि तरी ती आपली आपण उठली पाहिजे. भरतीला दोरांनी ओढून बोट खाडीत आडवी पाडली, टोकाला वाळूचं पोतं वजन करून बांधलं आणि दोर सोडले. क्षणभर काहीच हललं नाही. मग ती उठली, पोत्यासकट.

इथपर्यंतचा खर्च आवाक्यातला होता. गाडी अडली ती त्यापुढे. कार्बनच्या डोलकाठीचं युरोपातून आलेलं कोटेशन आमच्या अख्ख्या बोटीपेक्षा मोठं. शिडांचं वेगळं. शर्यतीला नाव द्यायचं तर आधी एकट्याने १,००० सागरी मैलांचा सलग प्रवास, शिवाय मिनी बोटींच्या मान्य शर्यतींमध्ये १,५०० मैल, आणि त्या शर्यती युरोपात. म्हणजे बोट वर्षभर आधी तिकडे न्यायची. कंटेनरचं दार असतं २.३४ मीटर रुंद आणि आमची बोट ३ मीटर. मग उघड्या फ्लॅट रॅकवरून पाठवायची, आणि ते भाडं ऐकून चौघं बराच वेळ गप्प बसले. प्रायोजकांकडे खेटे झाले. सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाच्या, यादीत ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण बसतं, पण महासागरातली एकट्याची शर्यत ऑलिंपिकमध्ये नाही. एका कंपनीत तर पहिलाच प्रश्न आला, टीव्हीवर दिसेल का? बोट दिवसेंदिवस किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर असणार, त्यामुळे खरं उत्तर 'नाही' हेच होतं.

ती चार पोरं एकेक करून नोकऱ्यांवर परतली. आमचं राहिलेलं बिल आणि त्यांचा हिस्सा यांचा मेळ घालून बोट आमच्याकडे ठेवायचं ठरलं. कोणी कोणावर रुसलं नाही.

तो वजनकाटा मात्र शेडमध्येच राहिला. आता पर्यटकांच्या बोटी आम्ही हाताने फायबरची मॅट मारून करत नाही. कोरडं कापड मोल्डमध्ये पसरून, वर प्लास्टिक लावून, पंपाने हवा खेचून रेझिन आत ओढतो. रेझिन कमी लागतं, बोट हलकी होते. देवबागच्या बोटवाल्याला तंत्रज्ञानाचं कौतुक नाही. त्याच इंजिनावर पेट्रोल किती कमी जळतं, एवढंच तो विचारतो, आणि त्या हिशेबावरच आमच्या ऑर्डरी वाढल्या. बँकेला हे पटवायला जास्त वेळ लागला. 'प्रयोगाची बोट' हा शब्द आमच्या फायलीत कोणीतरी लाल शाईने लिहून ठेवला होता.

साडेसहा मीटरची ती बोट आता एका जुन्या बोटीच्या ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर चालते. पावसाळा संपला की मालवण ते पणजी अशा फेऱ्या मारतो. कोणाला एकट्याने लांबचा सराव करायचा असेल तर ऑक्टोबर ते मे या काळात शेडवर या. भाडं घेत नाही. स्वतःची शिडं असतील तर आणा, आमच्या शिडांना ठिगळं आहेत. आणि पोहता येत असेल तरच.