न्यूअर्कला रडार बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं

आई-बाबांचं तिकीट काढायची वेळ आली की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत हल्ली एक वाद हमखास होतो: न्यूअर्कला उतरवायचं की न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर? (न्यूअर्क म्हणजे न्यूयॉर्क नव्हे. ते हडसन नदीच्या अलीकडचं, न्यू जर्सीतलं शहर. नावांच्या या गोंधळात भलत्याच विमानतळाचं तिकीट काढणारे अजूनही भेटतात.) एडिसन, इझलिनला न्यूअर्कच जवळ. पण २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांतल्या बातम्या तिकडे भारतात सगळ्यांनी पाहिल्या आणि "तिथं रडार बंद पडतं म्हणे" असे फोन सुरू झाले.

पडलं होतं, हे खरं. २८ एप्रिल २०२५ च्या दुपारी न्यूअर्ककडे येणारी-जाणारी विमानं सांभाळणाऱ्या कंट्रोलरांचे रडारचे पडदे काळे झाले आणि रेडिओही गेला. सगळं मिळून सुमारे ९० सेकंद. ९ मेच्या पहाटे, चारच्या आसपास, पुन्हा साधारण तेवढाच वेळ.

हे कंट्रोलर न्यूअर्कच्या टॉवरमध्ये बसत नाहीत, ते बसतात फिलाडेल्फियाला. टॉवरमधली माणसं काचेतून दिसणारी धावपट्टी आणि जवळची विमानं बघतात. त्यापलीकडच्या आकाशातली रांग लावायचं काम ॲप्रोच कंट्रोलचं, ते पूर्णपणे रडारवर चालतं. पूर्वी न्यूयॉर्क परिसरातल्या सगळ्या विमानतळांची ही रांग लाँग आयलंडवरच्या वेस्टबरी गावातून लागायची. तिथं माणसं वर्षानुवर्षं कमी पडत होती, म्हणून अमेरिकेची हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या एफएए या सरकारी यंत्रणेनं जुलै २०२४ मध्ये न्यूअर्कचा भाग फिलाडेल्फियाला हलवला. काही कंट्रोलर राजीखुशीनं गेले, काहींना जावं लागलं. माणसं हलली, पण रडारची माहिती गोळा करून पडद्यावर आणणारी यंत्रणा वेस्टबरीतच राहिली. तिथून ती माहिती दूरसंचाराच्या तारांवरून फिलाडेल्फियाला जायची, त्यातल्या काही तारा जुन्या तांब्याच्या. मुख्य तार गेली आणि राखीव तारेनं लगेच भार उचलला नाही. म्हणजे रडार शाबूत, कंट्रोलर खुर्चीत, आणि मधली तार मेलेली! माणसांचा प्रश्न सोडवायला गेले आणि तारेचा प्रश्न ओढवून घेतला, असा हा प्रकार.

दीड मिनिटात असं काय बिघडतं? विमानतळाजवळच्या हवेत दोन विमानांमध्ये साधारणपणे आडवं ३ सागरी मैल (साडेपाच किलोमीटर) किंवा उभं १,००० फूट अंतर राखावं लागतं. मोठ्या विमानामागे लहान असेल तर हवेतल्या भोवऱ्यांमुळे जास्त. १८० नॉट (म्हणजे ताशी १८० सागरी मैल) वेगानं ३ मैल कापायला लागतो एक मिनिट. आता धरा, पुढचं विमान उतरायच्या तयारीत १४० नॉटवर आलंय आणि मागच्याला "वेग कमी कर" हे सांगायचं राहिलंय, ते २१० वरच आहे. नव्वद सेकंदांत मधलं अंतर पावणेदोन मैलांनी घटतं, उरतं सव्वा मैल. कुणाचीही चूक नसताना.

त्याहून त्रासदायक असतं ते वळणाच्या हुकमाची वाट बघणारं विमान. कंट्रोलर विमानाला एका दिशेनं पाठवतो आणि योग्य क्षणी "वळ" म्हणतो. तो शब्द आला नाही, तर विमान सांगितलेल्या दिशेनं सरळ जात राहतं, आणि न्यूअर्कच्या आजूबाजूला मोकळं आकाश फारसं नाही. खासगी जेटविमानांचं टीटरबरो २० किलोमीटरवर, लाग्वार्डिया २७ वर, जेएफके ३३ वर. पुण्याहून लोणावळ्याला जाताना लागेल त्याहून कमी अंतरात चार विमानतळ, प्रत्येकाची रांग वेगळी.

तरीही विमानं त्या वेळी अगदी आंधळी नसतात. प्रवासी विमानांत टीकॅस नावाची यंत्रणा असते. ती आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरशी (विमानाची ओळख आणि उंची कळवणाऱ्या उपकरणाशी) थेट बोलते आणि टक्कर होईलसं वाटलं तर एकाला वर, दुसऱ्याला खाली जायला सांगते. जमिनीवरच्या तारांशी तिचा संबंध नाही. कंट्रोलरनं उलटं सांगितलं तरी वैमानिकानं टीकॅसचंच ऐकायचं, हा नियम २००२ साली जर्मनीत उबरलिंगेनवर झालेल्या टकरीनंतर आणखी पक्का झाला. तिच्या मर्यादाही आहेत: ती डावं-उजवं सांगत नाही आणि जमिनीपासून सुमारे हजार फुटांखाली वर-खालीचे आदेशही देत नाही. म्हणून ती शेवटची जाळी, रोजची व्यवस्था नव्हे.

एप्रिलच्या घटनेनंतर काही कंट्रोलरांनी मानसिक आघाताची रजा घेतली आणि आधीच तुटपुंजी फळी आणखी बारीक झाली. इथं भारतातल्या वाचकांना एक गोष्ट पटकन पटत नाही: दुसरीकडचा अनुभवी कंट्रोलर आणून उद्या खुर्चीत बसवता येत नाही. प्रत्येक आकाशपट्ट्याचे मार्ग, उंच्या, शेजाऱ्यांशी ठरलेले करार पाठ करून तिथलं प्रमाणपत्र मिळवायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. मे २०२५ मध्ये एफएएनं सांगितलेला आकडा होता पूर्ण प्रमाणित २२ जण, उद्दिष्ट ३८. त्यात वयाच्या ५६ व्या वर्षी सक्तीची निवृत्ती.

त्याच सुमाराला एक धावपट्टीही दुरुस्तीसाठी बंद होती. न्यूअर्कच्या दोन मुख्य समांतर धावपट्ट्यांमध्ये जेमतेम ९५० फूट अंतर आहे, त्यामुळे ढग खाली आले की दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवता येत नाहीत. मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून तिथं एका वेळी एकच वापरतात. इथलं दुखणं वेगळं, पण परिणाम ओळखीचाच: घिरट्या.

मग एफएएनं केलं काय? तांब्याच्या जागी फायबर, जास्त क्षमतेच्या नव्या जोडण्या, एक राखीव यंत्रणा. आणि मुख्य म्हणजे विमानं कमी केली. काम चालू असेपर्यंत तासाला २८ उतरणार, २८ उडणार. नंतर ३४-३४, ऑक्टोबर २०२५ अखेरपासून ३६-३६. युनायटेड या विमान कंपनीनं तर मेमध्ये स्वतःहूनच रोजच्या ३५ फेऱ्या रद्द केल्या होत्या. उशीर वाढला की लोक "धोका वाढला" म्हणतात. बहुतेक वेळा उलटं असतं. जितकं सांभाळता येईल तितकंच आकाशात घेतलं, म्हणून बाकीची विमानं जमिनीवर थांबली. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत फ्लाइट प्लॅनचे संदेश पोचवणारी यंत्रणा बंद पडली, तेव्हाही ती माहिती हातानं भरत विमानं सावकाश सोडावी लागली आणि शेकडो उड्डाणं रखडली.

आता तिकिटाकडे. फलकावर "ग्राउंड स्टॉप" दिसलं तर न्यूअर्कला निघणारी विमानं निघायच्या ठिकाणीच तात्पुरती रोखलेली असतात. "ग्राउंड डिले प्रोग्रॅम" असेल तर प्रत्येक विमानाला उड्डाणाची नवी वेळ दिली जाते. समुद्रापलीकडून येणारी लांब पल्ल्याची विमानं या दुसऱ्या प्रकारातून सहसा वगळलेली असतात. म्हणजे मुंबई-दिल्लीहून थेट येणारं विमान बहुधा ठीक उतरतं, अडकतं ते पुढचं, शिकागो किंवा शार्लटचं. म्हणून शेवटचा मुक्काम न्यू जर्सी असेल तर थेट न्यूअर्क घ्या, घाबरायचं कारण नाही. पुढं जायचं असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा, म्हणजे जोडणी चुकली तर पुढची सोय लावणं कंपनीच्या गळ्यात. इमिग्रेशन आणि कस्टम्स इथंच होतं, बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात, कधी टर्मिनलही बदलावं लागतं. व्हीलचेअर असेल तर मध्ये चार तास ठेवा, पुढचं विमान शक्यतो दुपारच्या आतलं. दिवसभराचा उशीर साचत साचत संध्याकाळच्या विमानांवर येतो.

कंपनीनं विमान रद्द केलं आणि तुम्ही पर्यायी प्रवास नाकारलात तर पैसे परत मिळतात, व्हाउचर घ्यायची सक्ती नाही. मात्र कंट्रोलरांच्या कमतरतेमुळे झालेला उशीर कंपनीच्या हाताबाहेरचा मानला जातो, हॉटेलचा खर्च ती सहसा देत नाही. तेवढ्यासाठी आई-बाबांच्या हातपिशवीत औषधं, एक स्वेटर आणि इथल्या कुणाचा तरी नंबर कागदावर लिहून द्या. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.