तुम्ही विचारलंत म्हणून: ते काळं निघतं का?

गाडीच्या ग्रिलकडे बोट दाखवून "निघतं का ते?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच नीट लिहून टाकते. सोसायटीतले काका विचारतात, मावसभाऊ विचारतो, गाडी सर्व्हिसिंगला दिली की तिथला मुलगा आधी नखाने खरवडून बघतो आणि मग विचारतो. आमची पांढरी सेडान आहे, तिचं पुढचं क्रोमचं ग्रिल, डिकीवरची अक्षरं आणि खिडक्यांखालची चकचकीत पट्टी मी मॅट काळी केलीय, रबराच्या स्प्रेने. तर हो, निघतं. पण जाड मारलं असेल तरच निघतं.

हे सांगितलं की समोरच्याला वाटतं मी उलटं बोलतेय, कारण आपल्याला सवय अशी की रंग पातळ असला तर लवकर निघणार आणि जाड असला तर बसला कायमचा. पण हा रंग नाहीच मुळी. कॅनमध्ये असतं ते विरघळवलेलं रबर, फवारल्यावर त्यातलं सॉल्व्हंट उडून जातं आणि मागे रबराचा पापुद्रा राहतो. हा पापुद्रा क्रोमला जेवढा धरतो त्यापेक्षा स्वतःला जास्त घट्ट धरतो, एवढीच यातली गंमत. दुधावर जाड साय आली की बोटाने अख्खी उचलता येते आणि पातळ असली की नुसती फाटत बसते, तसंच. म्हणजे कॅन वाचवायला म्हणून दोनच हात मारलेत तर दिसेल झकास, आणि काढताना मात्र नखं झिजतील.

यातलं सगळ्यात नाव झालेलं म्हणजे प्लास्टी डिप. अमेरिकेतल्या मिनेसोटाची कंपनी, 1972 पासूनची, आणि माल मूळचा गाडीसाठी नव्हताच, पकडी-पान्यांच्या मुठींसाठी होता. मूठ डब्यात बुडवायची, बाहेर काढून वाळवायची, की झाली रबरी पकड. नंतर तेच स्प्रेच्या कॅनमध्ये आलं आणि गाडीवाल्या पोरांच्या हाती लागलं. आता दुसऱ्या नावांचेही असे कॅन ऑनलाइन मिळतात, घेताना फक्त ते सोलून निघणारं आहे असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. हार्डवेअरच्या दुकानात मॅट ब्लॅक म्हणून जो साधा स्प्रे मिळतो तो पेंट असतो, तो सोलून वगैरे काही निघत नाही, आणि "माझं नाही निघालं" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी तोच मारलेला असतो असा माझा दाट संशय आहे.

मुळात काळं का केलं, तर गाडी आधी बाबांकडे होती, रत्नागिरीला. समुद्राच्या हवेने क्रोमची पार वाट लागली होती, पांढरे पांढरे टिपके आणि हात फिरवला की खरखर. गाडीवरचं क्रोम म्हणजे धातूची पट्टी असा आपला समज असतो, पण बहुतेक ठिकाणी आत असतं प्लास्टिक, त्यावर तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमियमचा अगदी नावापुरता थर, मायक्रॉनपेक्षाही कमी. त्या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात, खारी हवा तिथून आत शिरते आणि खालचं निकेल खात सुटते. पॉलिश मारून काही होत नाही, खाल्लेलं ते खाल्लेलंच. (स्प्रेनेही खड्डे भरत नाहीत हां, जवळून बघितलं तर दिसतातच, पण चकाकी गेली की लांबून कळत नाही.)

बाबांना अजूनही पटलेलं नाही. क्रोम म्हणजे गाडीची शोभा, ती काळी करायची म्हणजे अपशकुनच की! त्यांना मी टाटांची हॅरिअर दाखवली, 2019 मध्ये तिची डार्क एडिशन आली आणि तेव्हापासून कंपन्या स्वतःच क्रोम काळं करून वर जास्तीचे पैसे घेतायत. शिवाय शोभेच्या क्रोम प्लेटिंगला जे हेक्साव्हॅलंट क्रोमियम लागतं ते कॅन्सर करणारं म्हणून कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये नियम केलाय, 2027 पासून ते हळूहळू बंद. बाबा म्हणाले, कॅलिफोर्नियात काय करायचं ते करू देत. बरं.

आता करायचं कसं. पहिली गोष्ट धुणं, आणि नुसतं पाणी मारून नाही. आपल्याकडे चमक यावी म्हणून जिथे तिथे सिलिकॉनवालं पॉलिश चोळायची सवय असते, त्यावर रबर धरतच नाही. शॅम्पूने धुवा, कोरडं करा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. घरात उरलेलं सॅनिटायझर नको, त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं आणि त्याचा तवंग मागे राहतो.

खिडकीच्या पट्टीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि खरा वेळ जातो टेप लावण्यात. पट्टीच्या एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला काचेचं रबरी बीडिंग. बीडिंगला मास्किंग टेप नीट चिकटत नाही म्हणून ती नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने आत दाबत दाबत जायची, आणि टेपच्या बाहेर वर्तमानपत्राचे मोठे कागद, कंजूषपणा न करता, कारण ही काळी धूळ वाऱ्यावर कुठेही जाऊन बसते, शेजारच्यांच्या गाडीवरसुद्धा (पुसली की जाते, पण ते त्यांना समजावून सांगेपर्यंत सकाळ जाते). कॅन चांगला मिनिटभर खुळखुळवायचा, साधारण सहा-आठ इंच लांब धरायचा, फवारा पट्टीच्या अलीकडे सुरू करायचा आणि पलीकडे जाऊन सोडायचा. पहिला हात इतका हलका की खालचं क्रोम निम्मं दिसलं पाहिजे. इथेच सगळ्यांना घाई होते, क्रोम दिसतंय म्हणून पुन्हा मारतात आणि ओघळ येतात. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दुसरा हात, मग तिसरा, असे पाच-सहा तरी द्या. तिसऱ्यालाच काळंभोर दिसायला लागतं आणि वाटतं झालं की, पण वरचे हात दिसण्यासाठी नसतातच, ते नंतर सोलण्यासाठी असतात.

आणि टेप काढायची ती शेवटचा हात ओला असतानाच. लगेच. वाळू दिलीत तर टेपवरचं रबर आणि पट्टीवरचं रबर एकच चादर झालेली असते, टेप ओढली की पट्टीवरचंही उचकटून येतं आणि कड दातेरी होते. वाळलंच असेल तर त्या रेषेवर पुन्हा एक हात फिरवून ओलं करून घ्या आणि मग सावकाश, तिरकी ओढा.

लोगोचं मात्र याच्या अगदी उलट. अक्षराअक्षराभोवती टेप कापत बसू नका, आणि ब्लेडने तर मुळीच नको, पत्र्यावरच्या रंगात चीर जाते. सरळ अक्षरांसकट आजूबाजूला हातभर पत्र्यावर मारायचं, बाहेरच्या कडेला टेप आणि कागद, बस. पूर्ण वाळलं की बाहेरची कड बोटाने गुंडाळत आत यायचं, उठावाच्या अक्षरापाशी पापुद्रा आपोआप तुटतो आणि अक्षर काळं राहतं. आधी अक्षराच्या कडेने टूथपिक फिरवून घेतली तर आणखी स्वच्छ तुटतो. ए आणि ओच्या पोटातले तुकडे तेवढे चिमट्याने टिपून काढायचे. हे काम इतकं मजेचं आहे की आमच्याकडे घरातली सगळी जण रांगेत उभी होती, मलाही सोलू दे, मलाही.

हवामानाचं म्हणाल तर पावसाळ्यात विसरा. दमट हवेत वाळायला वेळ लागतो आणि वर पांढरट झाक येते. एप्रिल-मेच्या दुपारी पत्रा इतका तापलेला असतो की फवारा पोचायच्या आतच सुकतो आणि सगळं खरखरीत होऊन बसतं. दिवाळीनंतरची सकाळ, ऊन आलंय पण सावलीतली जागा, वारा नाही, ही खरी वेळ. जागा मोकळी हवी, बेसमेंट पार्किंगमध्ये नको, ओला फवारा पेट घेऊ शकतो आणि वासाने डोकं धरतं ते वेगळंच. कोविडमधला उरलेला एन-95 लावून भागत नाही, तो कण अडवतो, सॉल्व्हंटची वाफ नाही, त्याला ऑर्गॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

कुठे मारू नये तेही सांगते. पेट्रोलच्या झाकणाच्या आसपास नको, पेट्रोल सांडलं की हे रबर विरघळून चिकट होतं. बाईकच्या टाकीवर मारणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. दाराच्या हँडलवर नको, अंगठ्या आणि नखं लागून महिन्याभरात सोलतं. सायलेन्सरच्या टोकाला नको, तापतं. पार्किंग सेन्सर आणि कॅमेरा टेपने झाकून घ्या. हल्लीच्या काही गाड्यांत पुढच्या लोगोमागे रडार असतं, आपोआप ब्रेक लावणारं वगैरे, तसं असेल तर तो लोगो आहे तसाच राहू द्या. आणि बंपरवरच्या दाणेदार, रंग न दिलेल्या काळ्या प्लास्टिकवरही नको, त्या खडबडीत दाण्यांत रबर घुसून बसतं.

दुसरा नेहमीचा प्रश्न, पोलीस पकडतात का. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो, अख्खी गाडी काळी केलीत तर ती नोंद बदलून घ्यावी लागते, पण ग्रिल आणि पट्टीने गाडीचा रंग बदलत नाही. मला आजवर कोणी हटकलेलं नाही. हेडलाइट, टेललाइट आणि नंबरप्लेटला मात्र हात लावायचा नाही. लगेच पुढे विचारतात, "मग काचाही काळ्या करू का?" नाही! सुप्रीम कोर्टाने 2012 मध्येच काळ्या फिल्मवर बंदी घातली, नंतर नियम बदलून फिल्म चालेल झालं तरी पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आरपार गेलाच पाहिजे, म्हणजे तुमच्या मनातली काळी काच त्यात बसत नाही.

टिकतं किती? आपल्या उन्हात दोनेक वर्षं धरून चाला. शत्रू ऊन आहेच, पण त्याहून मोठा म्हणजे सकाळी गाड्या पुसायला येणारा माणूस. एकाच बादलीत वीस गाड्यांची माती आणि तोच फडका, मग ग्रिलवर जोर काढणार. त्याला मी सांगून ठेवलंय, काळ्याला फक्त पाणी. प्रेशर वॉशवाल्यालाही पाइप जरा लांबून धरायला सांगा, कड उचलली गेली की संपलं. वॅक्स-पॉलिश नाही, मॅटवर डाग पडतात. आणि दसरा! झेंडूचा हार ग्रिलला तारेने बांधू नका, तार घासून चरे पडतात, सुती दोरा घ्या. ओलं कुंकू तर पांढऱ्या बॉनेटवरच लावा, मॅट काळ्यावर सांडलं की गुलाबी सावली बरेच दिवस पुसत बसा.

काढायची वेळ आली की, म्हणजे गाडी विकताना किंवा कंटाळा आला की, आधी नीट बघा. थर राखाडी, पातळ झाला असेल तर तसाच सोलायला जाऊ नका. त्यावर ताजे दोन-तीन जाड हात मारा, रात्रभर वाळू द्या, नव्याने जुन्याला धरलं की मग कोपरा अंगठ्याने गुंडाळून सावकाश ओढा. लोकांना हे अजिबात पटत नाही, काढायचंय तर आणखी कशाला मारायचं, पण मारून बघा. तरी कुठे चिकटलेलं राहिलंच तर कापडावर थोडं रॉकेल किंवा डब्ल्यूडी-40 (गंजलेले नट सोडवायचा तो तेलकट स्प्रे) घेऊन चोळा. थिनर नको, शेजारच्या रंगाची वाट लावेल.

मग व्हिनाइल रॅप, म्हणजे वरून चिकटवायची प्लास्टिकची फिल्म, का नाही? खरं सांगायचं तर खिडकीच्या लांब सरळ पट्टीला आता मी व्हिनाइलच सुचवते, जास्त टिकतं आणि टेप लावायची ती कटकट नाही. पण ग्रिलच्या जाळीला, आतल्या कोपऱ्यांना व्हिनाइल कोण चिकटवत बसणार, तिथे स्प्रेला पर्याय नाही. आणि काळं आवडेल की नाही हेच नक्की नसेल तर आधी स्प्रे मारा, वर्षभर बघा, नाही आवडलं तर सोला.

हो, आणि कॅनमध्ये थोडं उरलं तर कॅन उलटा धरून नोझलमधून नुसता गॅस येईपर्यंत दाबा, नाहीतर पुढच्या वेळी नोझल बंद. उन्हातल्या गाडीत तो कॅन ठेवू नका. उरलेल्याचं मी काय केलं तर वायपरच्या दांड्या, त्या उन्हाने करड्या पडल्या होत्या. काढून, पाती वेगळी करून, घासून मारलं. त्या सोलायच्या नाहीतच, त्यामुळे तिथे दोन हात पुरले.