गुरुजींच्या ओव्या आणि डी ड्राइव्ह

"ताई, अँटिव्हायरस कुठला घालू?" हा प्रश्न मला वर्षभर येतो. मी कराडला घरूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, प्रबंध आणि श्रावणापासून दिवाळी अंकांची जुळणी. मजकूर पेनड्राइव्हवर येतो, मेलवर येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, आणि कधी कधी लोक अख्खा सीपीयू उचलून घेऊन येतात. त्यामुळे इतरांची मशीनं मी पुष्कळ पाहते. माझं उत्तर ठरलेलं आहे: विंडोजमध्ये डिफेंडर आहे तो घराला पुरतो, फक्त त्याला कुणी आंधळा करून ठेवलाय का ते बघा.

हे बघायला दोन मिनिटं लागतात. विंडोज सिक्युरिटी उघडायचं, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्जवर जायचं आणि अगदी तळाशी एक्स्क्लूजन्स बघायचं. डिफेंडरने जिथे तपासायचंच नाही अशा जागांची ती यादी. असेंबल करून घेतलेल्या मशीनवर तिथे अख्खी सी ड्राइव्ह घातलेली मी पाहिली आहे. कारण उघड आहे. विंडोज विकत न घेता अ‍ॅक्टिव्हेटर चालवून चालू केलेलं असतं, डिफेंडर तो अ‍ॅक्टिव्हेटर उडवतो, म्हणून घालणारा माणूस डिफेंडरलाच गप्प बसवतो. पैसे वाचले म्हणून घरचे खूश असतात आणि खालच्या कोपऱ्यात ढालीवर हिरवी खूण दिसत राहते. मला याचा फार राग येतो, कारण भोगायचं त्या घराला असतं.

आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींकडे नेमकं हेच झालं. गावोगाव फिरून त्यांनी म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. त्यातल्या कितीतरी जणी आता हयात नाहीत. शिवाय वीरगळांचे फोटो, टिपणं, आणि माझ्याकडे जुळणीला आलेलं पुस्तक. नातवाने एका खेळाचा क्रॅक, म्हणजे विकतचा खेळ फुकट चालवायची फाइल, उतरवली. असल्या क्रॅकसोबत सूचना असतेच की आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. मग पडद्यावर विंडोज अपडेट चालू असल्याची खिडकी आली आणि पोरगं अपडेट संपायची वाट बघत बसलं. ती खिडकी खोटी होती. तिच्यामागे एकेक फाइल कुलूपबंद होत होती.

मशीन माझ्याकडे आलं तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अक्षरांचं निरर्थक शेपूट लागलं होतं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची चिठ्ठी होती: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर ४९०. ही स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणून ओळखली जाणारी रॅन्समवेअरची, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामची, जात. २०१८पासून ती प्रामुख्याने क्रॅक आणि की-जनरेटरमधून घरोघरी पसरली, कंपन्यांपेक्षा साध्या माणसांनाच तिने जास्त गाठलं. एमसिसॉफ्ट या कंपनीने २०१९च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या १४८ प्रकारांचं कुलूप उघडणारं मोफत साधन काढलं. पण नंतरच्या प्रकारांत हल्लेखोरांच्या सर्व्हरवरून प्रत्येक मशीनसाठी वेगळी किल्ली येते. तशी किल्ली लागली असेल तर ते साधन चालत नाही. गुरुजींना तशीच लागली होती.

पण या जातीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. काम भराभर उरकावं म्हणून ती फाइलचा सुरुवातीचा सुमारे १५० केबीचाच भाग बिघडवते. गुरुजींच्या ओव्या एमपीथ्रीमध्ये होत्या. आधी सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर कॉपी केल्या, मग कॉपीमधल्या एका फाइलचं शेपूट काढून ती लावली. पहिले नऊ-दहा सेकंद गेले होते, पुढे आवाज स्वच्छ. १२८ केबीपीएसच्या रेकॉर्डिंगमध्ये १५० केबी म्हणजे साधारण तेवढीच सेकंदं. गाणारणीचं नाव आणि गाव गुरुजी सुरुवातीलाच बोलून घ्यायचे, ते गेलं, ओवी राहिली. नावं त्यांच्या वहीत होती. फोटोंचं मात्र तसं नाही, लहान फोटो जवळजवळ सगळे गेले. पुस्तकाचा मजकूर माझ्याकडे होता म्हणून वाचला.

गुरुजी एकच म्हणत होते, "अहो पण मी सगळं डी ड्राइव्हवर ठेवलं होतं!" हे आपल्याकडे घरोघरी आहे. सी फॉरमॅट झाली तरी डी राहते, म्हणून महत्त्वाचं ते डीवर. विंडोज बिघडण्यापुरतं ते खरं आहे. रॅन्समवेअरच्या बाबतीत उलटं आहे. डी ड्राइव्हवर साधारणपणे मशीनवरच्या प्रत्येक खात्याला लिहायची-पुसायची मुभा असते. तुमच्या स्वतःच्या खात्यातलं डॉक्युमेंट्स फोल्डर मात्र दुसऱ्या साध्या खात्याला उघडतासुद्धा येत नाही. नातवाचं खातं वेगळं आणि स्टँडर्ड असतं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड त्याला माहीत नसता आणि ओव्या आजोबांच्या डॉक्युमेंट्समध्ये असत्या, तर नातवाच्या खात्यातून त्यांना हात लागला नसता. आता गुरुजींकडे तशी मांडणी करून दिली आहे. पोराला कुणी रागावू नये असंही मी घरच्यांना सांगितलं. एकाच खात्यात सगळं घर वावरत होतं, ही चूक मोठ्यांची होती.

ही जात बऱ्याचदा सोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही आणते. म्हणून गुरुजींच्या मुलीच्या फोनवरून मेलचा आणि बँकेचा पासवर्ड त्याच दिवशी बदलला. ब्राउझरमध्ये साठवलेलं सगळं गेलं असं धरूनच चालायचं, आणि बदल त्या मशीनवरून करायचा नाही.

दुसरा प्रकार थोडक्यात सांगते. ब्राउझर अचानक पडदाभर होतो, भोंगा वाजतो, कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा असं दिसतं. ते साधं वेबपान असतं. कंट्रोल-आल्ट-डिलीट, टास्क मॅनेजर, ब्राउझर बंद, झालं. फोन केला तर पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखं काहीतरी घालायला लावतो आणि मग मशीन त्याच्या हातात जातं. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

माझ्या घरी बॅकअपसाठी दोन बाहेरच्या डिस्का आहेत आणि काम झालं की त्या काढून कपाटात जातात. लावून ठेवलेली डिस्क हा बॅकअप नव्हे, तीही त्याच वेळी कुलूपबंद होते. ग्राहकाच्या फाइलींचं पूर्ण नाव दिसावं म्हणून फाइल एक्स्प्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवणं चालू ठेवलंय, 'पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई'मधला शेवटचा तुकडा, म्हणजे ही पीडीएफ नसून प्रोग्राम आहे ही खूण, एरवी दिसतच नाही. अनोळखी प्रोग्रामला महत्त्वाच्या फोल्डरमध्ये लिहू न देणारी डिफेंडरची सोय, कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस, तीही चालू केलीय. सुरुवातीला ती माझ्या जुळणीच्या प्रोग्रामला, कोरलला, सेव्ह करू देत नव्हती, परवानगी दिल्यावर सुरळीत झालं.

आता विंडोज १०चं. त्याचा नेहमीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. माझ्या मशीनमध्ये सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आहे, विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत तो नाही. सुरक्षा अपडेट किती मोलाचे असतात ते मे २०१७मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या वेळी दिसलं: दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ज्यांनी घातली नव्हती त्यांची मशीनं अडकली. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे, आणि सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यावर ठेवला तर त्याला पैसे पडत नाहीत. मी नाव नोंदवलंय. या मुदतीनंतर हे मशीन इंटरनेटशिवाय फक्त जुळणीला राहील आणि मेलसाठी दुसरं घेईन. तुमच्याकडे विंडोज १० असेल तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडून नावनोंदणीची लिंक दिसते का ते बघा. दिसली नाही तर आधी साचलेले अपडेट घाला, मशीन रीस्टार्ट करा आणि पुन्हा बघा.