मीटर आधी, पाना मग

यूट्यूबवरचा गाडी दुरुस्तीचा चॅनल चांगला की नुसताच देखणा, हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे: बोनेट उघडल्यावर हा माणूस आधी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावतो की थेट पाना? अंदाजाने पार्ट बदलत सुटणाऱ्यांची आपल्याकडेही वानवा नाही, त्यासाठी नेटपॅक कशाला जाळायचा?

या कसोटीवर माझ्या यादीत पहिला ‘साउथ मेन ऑटो’. न्यूयॉर्क राज्यातल्या अवोका या छोट्या गावातलं हे गॅरेज. तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे त्याच्याकडे गंजाची कामं भरपूर. ठाण्यात रस्त्यावर मीठ नसलं, तरी ऐरोली, वाशी, कोपरीला खाडीलगत उघड्यावर उभ्या गाड्यांच्या बॅटरी टर्मिनलवर आणि अर्थ वायरच्या (बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिन-बॉडीला जोडणारी वायर) टोकांवर पावसाळ्यानंतर हिरवट-पांढरा थर येतोच. गाडी सेल्फ जड उचलायला लागते आणि बिचारी बॅटरी बदलली जाते.

त्याच्याकडून शिकण्याजोगी म्हणजे व्होल्टेज ड्रॉप टेस्ट, म्हणजे वायर आणि जोडांत किती व्होल्ट वाया जातात ते मोजणं. आधी काही तास उभ्या गाडीची बॅटरी मोजा: १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी, तशी असेल तर आधी चार्ज करा. मग इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्यूल पंपाचा फ्यूज काढा (फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो) आणि सीएनजी गाडी असेल तर स्विच पेट्रोलवर ठेवा. पहिल्यांदा उरलेल्या पेट्रोलवर इंजिन क्षणभर चालेल, बंद पडू द्या. आता मीटर डीसी २० व्होल्टवर घेऊन काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (बॅटरीचा स्वतःचा खुंट) टेकवा. खांबावरच, त्यावर बसवलेल्या वायरच्या क्लॅम्पवर नाही, नाहीतर मधला गंज मोजमापातून सुटतो. लाल पिन इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला की अर्थ वायर किंवा तिचे जोड खराब. पॉझिटिव्ह खांब ते स्टार्टरचा जाड बोल्ट यांच्यात ०.५ पर्यंत चालतं. सेल्फ मारताना बॅटरीच्याच दोन खांबांवर ९.६ च्या खाली गेलं, तर मात्र बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही.

हेच ओहममध्ये, म्हणजे वायरचा रोध, मोजून भागत नाही. मीटर वायरमधून नगण्य करंट सोडतो, त्यामुळे एकच तार शिल्लक असलेली केबलही शून्य दाखवते. स्टार्टरला मात्र १०० अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त हवे असतात. हा ‘का’ फळ्यावर समजून घ्यायचा असेल तर ‘स्कॅनरडॅनर’ बघा. लांबलचक आणि रूक्ष, पण शिकवणारा खरोखरचा शिक्षक.

‘ख्रिसफिक्स’ चेहरा दाखवत नाही, हात दाखवतो, आणि तेच हवं असतं. ब्रेक पॅड बदलायला त्याच्यासारखा शिकवणारा विरळा. व्हील नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) रबरी होजवर लोंबकळू द्यायचा नाही, तो ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनला साधं ग्रीस नाही तर ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस (पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगतं आणि पिन अडकते), आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबायचं. त्यात इथली एक भर: सोसायटीच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक जॅकखाली खचतात, म्हणून १८ मिलिमीटर प्लायचा तुकडा खाली घाला. डिकीतला जॅक फक्त स्टेपनीपुरता. गाडीखाली शिरायचं तर जॅक स्टँडच.

‘प्रोजेक्ट फार्म’ हत्यारं आणि तेलं स्वतः विकत घेऊन चाचणीला लावतो. त्यातले बरेच ब्रँड इथे मिळत नाहीत, तरी चाचणी कशी आखावी हे बघण्यासारखं.

या सगळ्यांत मला न मिळालेला विषय म्हणजे सोनमोहराचं झाड. त्याची बारीक पानं वायपरखालच्या जाळीत साचून पाण्याच्या वाटा बुजवतात आणि डावीकडचं मॅट ओलं होतं. मॅट पाऊस नसताना, एसी लावल्यावर भिजत असेल तर जाळीला दोष देऊ नका, एसीची ड्रेन नळी तुंबली आहे. तिच्यात खालून हलकी हवा मारा. कडक तार खुपसली तर आतली कूलिंग कॉइल फुटू शकते, आणि ती काढायला बहुतेक गाड्यांत अर्धा डॅशबोर्ड खोलावा लागतो.